घर वाढवावें कीं घर सोडावें ?

गेल्या वैशाखांत हरिहरेश्वरास आमच्या घरच्या ओटीवर जी बैठक भरली, तिचें निमित्त मुंजीचें होतें; कारण मात्र निराळें होतें. मुंज आटोपून पाहुणेमंडळी पांगली, मांडवाचे बांबू उतरले आणि घरचीं तेवढीं तेरा माणसें उरलीं. पुण्याचीं दोन बिऱ्हाडें, मुंबईचें एक, नाशिकाहून आलेली आत्या, आणि त्या घरांत बाराही महिने राहणारीं अशीं दोनच माणसें : थोरले काका आणि काकू. काकांनीं पानाचें तबक पुढें ओढलें, अडकित्त्यानें एक सुपारी कातरली, आणि ती तोंडांत न टाकतां तशीच तबकांत ठेवून ते म्हणाले, "हें घर वाढवायचं कीं सोडायचं, तें एकदां तुम्ही सगळ्यांनीं मिळून ठरवा. मला एकट्याला आतां हें पेलत नाहीं."

ज्यांच्या घरीं हा प्रश्न निघाला नाहीं असे वाचक आतां थोडेच असतील. घर कोकणांतलें असो, वाईच्या घाटावरचें असो किंवा सदाशिव पेठेंतलें असो. एका पिढीनें बांधलें, दुसरीनें वाढविलें, आणि तिसरी नोकरीच्या गांवीं बिऱ्हाड करून बसली, म्हणजे चौथ्या पिढीच्या मुंजींत केव्हां तरी तो निघावयाचाच. पूर्वीं माणसें फार म्हणून घर पुरत नसे. आतां माणसें थोडीं म्हणून घर आवरत नाहीं. आणि चमत्कार असा कीं, दोन्ही प्रसंगीं पहिला उपाय म्हणून 'आणखी दोन खोल्या काढाव्या' हाच सुचतो. आमच्याकडेही तोच सुचला होता. त्या बैठकींत काय झालें तें सांगण्यापूर्वीं घराची थोडी ओळख करून देणें भाग आहे.

हरिहरेश्वर हें श्रीवर्धन तालुक्यांतलें समुद्रकांठचें क्षेत्र. चार टेकड्या, त्यांच्या कुशींत हरिहरेश्वराचें व काळभैरवाचें देऊळ, डोंगराच्या घळींतून उतरून समुद्रकांठानें देवळाकडे परत येणारी प्रदक्षिणेची वाट, आणि दक्षिणेस सावित्री नदीचें मुख. प्रदक्षिणा ओहोटी पाहूनच करावी लागते. भरतीच्या वेळीं त्या खडकांवर जाणाऱ्यास समुद्र क्षमा करीत नाहीं. गांवांतल्या जुन्या घरांची ठेवण या किनाऱ्यावरील बहुतेक ब्राह्मणवस्तीसारखीच. पुढें रस्ता, मग अंगण, मग घर, घरामागें विहीर, आणि तेथून समुद्राच्या अंगाला नारळीपोफळींची वाडी.

आमचें घर पणजोबांनीं बांधलें तें जांभ्या चिऱ्यांचें. ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि वर माळा, एवढाच त्याचा पसारा. छप्पर आरंभीं नळ्याच्या कौलांचें होतें. बासेल मिशननें १८६५ सालीं मंगळूरास कौलांचा कारखाना काढला, आणि पुढें गलबतांतून तीं चपटीं तांबडीं कौलें किनाऱ्याकिनाऱ्यानें सर्वत्र पोंचलीं. आमच्या घरावर तीं आजोबांच्या तरुणपणीं चढलीं. नंतरच्या वाढीचा इतिहास म्हणजे घरांतल्या शुभकार्यांची यादीच. धाकट्या आजोबांचें लग्न ठरलें तेव्हां उत्तरेची पडवी भिंत घालून बंद केली. आत्याच्या जन्माच्या वेळीं मागील दारीं बाळंतिणीची खोली निघाली. काकांच्या मुलाचें लग्न १९९६ सालीं झालें, तेव्हां काकांनीं स्वतः पश्चिमेस समुद्राच्या अंगाला एक प्रशस्त खोली बांधली. तिच्या भिंती सिमेंटच्या व छप्पर पत्र्याचें. ती 'नवी खोली'. तीस वर्षें होत आलीं तरी तिचें नांव तेंच राहिलें.

उतरत्या छपराचें घर वाढविणें म्हणजे काय, हें ज्यांनीं स्वतः वाढविलें नाहीं त्यांना चटकन् उमगत नाहीं. आढें वर उचलतां येत नाहीं. तेव्हां भिंतीबाहेर खांब रोवून छपराचा उतार तसाच पुढें ओढावयाचा आणि त्याच्या खालीं पडवी काढावयाची. उतार तोच असल्यामुळें छप्पर जितकें पुढें जाईल तितकी वळचण खालीं येते. आमच्याकडे पहिल्या पडवीची वळचण चांगली पुरुषभर उंच होती; तिच्यापुढें दुसरी निघाल्यावर उंच माणसास मान वांकवून अंगणांत उतरावें लागूं लागलें. ज्या खिडक्या पूर्वीं बाहेरच्या उजेडांत उघडत त्या आतां पडवींत उघडूं लागल्या. प्रत्येक वाढीनें एक खोली मिळाली आणि माजघराचा थोडा उजेड गेला. हल्लीं भर दुपारींही तेथें दिवा लावल्याशिवाय तांदूळ निवडतां येत नाहींत. ही गोष्ट आम्हां पुरुषमंडळींच्या लक्षांत पन्नास वर्षांत आली नव्हती, कारण आम्ही ओटीवर बसत होतों.

ता. ३ जून २०२० रोजीं दुपारीं 'निसर्ग' नांवाचें चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस जमिनीवर आलें. वाऱ्याचा वेग ताशीं शंभर ते एकशें दहा किलोमीटर, आणि झोत त्याहून अधिक. टाळेबंदीचे दिवस; त्यामुळें घरीं काका-काकूंवांचून कोणी नव्हतें. देवघराच्या भिंतीशीं पाट टाकून दोघें बसून राहिलीं. पश्चिमेच्या नव्या खोलीचे पत्रे पहिल्या अर्ध्या तासांतच उडाले. त्यांतला एक पुढें शेजाऱ्यांच्या विहिरीवर सांपडला. पडव्यांचीं कौलें वळचणीकडून उचललीं गेलीं आणि अंगणांत त्यांचा चुरा झाला. परंतु पणजोबांचें मूळ घर, त्याचे खांब, तुळया, वासे आणि आढें, जागचें हललें नाहीं. जुन्या सुतारानें खांब व तुळया कुसूं घालून एकमेकांत बसविल्या होत्या. सारें लांकूडकाम एकजीव होतें. नव्या खोलीचें छप्पर मात्र फक्त स्वतःच्याच भिंतींवर टेकलेलें होतें. मूळ घराशीं त्याचा सांधा नव्हता.

घरापेक्षां वाडीचें नुकसान मोठें. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचा लौकिक वाचकांना ठाऊक असेलच. त्या सुपारीवर या टापूंतल्या कित्येक घरांतील मुलें शिकलीं आहेत. वादळानंतर आमच्या वाडींतल्या पोफळी मोजल्या तेव्हां उभ्या असलेल्या आडव्या पडलेल्यांहून कमी भरल्या. पोफळीचें रोप लावल्यापासून धरूं लागण्यास सहासात वर्षें जातात, हें काका जाणून होते. तरीही त्याच पावसाळ्यांत, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, त्यांनीं नवीं रोपें लावलीं. तीं आतां कोठें धरूं लागलीं आहेत. घर सोडण्याची गोष्ट निघाली कीं काका वाडीकडे कां पाहतात, हें यावरून ध्यानांत यावें.

बैठकींत पहिला बोलला तो काकांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ. तो पुण्यास असतो. त्याचें म्हणणें असें कीं, हरिहरेश्वरास यात्रेकरू व प्रवासी बारमाही येतात, घरोघरीं 'राहण्याची व जेवणाची सोय' अशा पाट्या लागल्या आहेत, पर्यटन महामंडळाची निवास व न्याहारीची योजनाही आहे. तेव्हां नवी खोली पाडून तेथें स्लॅबच्या चार खोल्या काढाव्या, त्यांचें उत्पन्न घरास लावावें, आणि काका-काकूंना हाताखालीं एक माणूस ठेवून द्यावा. मुंबईचा माझा धाकटा भाऊ नेमका उलट बोलला. त्याच्या मतें जेथें कोणी राहणार नाहीं तेथें पैसा घालणें हा वेडेपणा. घर-वाडी विकावी आणि त्या पैशांतून पुण्यास, आम्हां सर्वांच्या जवळ, थोरल्यांसाठीं उद्वाहनाची सोय असलेलें लहानसें घर घ्यावें. "देव तिथंच राहतील, आपण वर्षाला येऊं," असें तो म्हणाला. यावर काका म्हणाले, "पेशव्यांसारखं?"

काकांचा हा टोला समजण्यास थोडा इतिहास पाहिजे. पेशव्यांचें भट घराणें मूळचें श्रीवर्धनचें. तेथील देशमुखी त्यांच्याकडे होती आणि हरिहरेश्वर हें त्यांचें कुलदैवत. जंजिऱ्याच्या सिद्दीचा जाच असह्य झाल्यामुळें सतराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास बाळाजी विश्वनाथानें गांव सोडलें. त्याच्याबरोबर खाडीपलीकडील वेळासचे भानू निघाले. त्यांच्याच वंशांत पुढें नाना फडणीस झाले. १७१३ सालीं बाळाजीपंतांस पेशवेपद मिळालें, सासवडास त्यांचें बिऱ्हाड झालें, १७२० त तेथेंच त्यांचा अंत झाला. मुलानें, पहिल्या बाजीरावानें, १७३० च्या जानेवारींत पुण्यास शनिवारवाड्याचा पाया घातला आणि दोन वर्षांनीं वास्तुशांत केली. त्यानंतरच्या प्रत्येक पिढीनें त्या वाड्यांत भर घातली, आणि १८२८ च्या आगींत तो सारा पसारा जळून गेला. दगडी तट तेवढा राहिला. श्रीवर्धनच्या घराचा जोता पुन्हां कोणी पेशव्यानें राहण्यासाठीं बांधला नाहीं.

या कथेवरून 'घर सोडलें म्हणून भाग्य उदयास आलें' असा धडा काढण्याची आपल्याकडे चाल आहे, आणि पुण्याच्या सभांतून तो काढलेला मी अनेकदां ऐकला आहे. मला तो पटत नाहीं. भटांनीं श्रीवर्धन सोडलें तें ओटीवर बैठक घेऊन, नफातोटा मांडून नव्हे. राहणें अशक्य झालें म्हणून. ज्यांच्यामागें सिद्दी लागला नाहीं, त्यांनीं स्वतःस त्यांच्या रांगेंत बसवूं नये. आमच्या घरामागें काय लागलें आहे, हाच विचारण्याचा प्रश्न होता. आणि त्याचें उत्तर आम्हांस चार दिवस कागदपत्रें चाळल्यावर मिळालें.

प्रथम मालकी. काकांची समजूत अशी कीं, घर दोघां भावांचें, म्हणजे त्यांचें व माझ्या कैलासवासी वडिलांचें. आत्या लग्न होऊन गेली, तिचा मान साडीचोळीचा. ही समजूत अजूनही किती सुशिक्षित घरांतून आहे याचें मला आश्चर्य वाटतें. इंग्लंडांत १९२५ पर्यंत मृत्युपत्र नसेल तर स्थावर थोरल्या मुलाकडे जाई, म्हणून तेथें घरें अखंड राहिलीं व धाकटे भाऊ बाहेर पडले. आपल्या मिताक्षरा पद्धतींत मुलगा जन्मतःच वाटेकरी. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलींस बापाच्या हिश्शांत वांटा दिला. पण राहत्या घराच्या बाबतींत असा एक निर्बंध ठेवला कीं, पुरुष वारसांनीं वाटणी मागितल्याशिवाय तिनें ती मागूं नये. महाराष्ट्रानें १९९४ सालीं मुलींना जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती केली, परंतु तत्पूर्वीं लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून मात्र केंद्राच्या दुरुस्तीनें मुलगी, विवाहित असो वा नसो, मुलाप्रमाणेंच समांशी झाली आणि राहत्या घराचा तो निर्बंधही गेला. त्या तारखेस बाप जिवंत असला पाहिजे काय, याविषयीं कांहीं वर्षें घोळ होता. सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० च्या निकालांत तशी आवश्यकता नाहीं असें सांगून तो मिटविला. आमचें घर वडिलोपार्जित, आजोबा १९७८ सालीं वारलेले, आणि रीतसर वाटणी कधींच झालेली नाहीं. म्हणजे तिसरा हिस्सा आत्याचा. तिच्या सहीवांचून ना विक्री पुरी व्हावयाची, ना चार खोल्यांसाठीं कर्ज निघावयाचें.

विकण्याच्या बाबतींत आणखी एक गोष्ट धाकट्या भावास सांगावी लागली. एकत्र घरांतला आपला हिस्सा परक्यास विकतां येतो खरा. पण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें त्या परक्यास घरच्या माणसांबरोबर येऊन राहण्याचा हक्क मिळत नाहीं. आणि त्यानें वाटणीचा दावा लावला तर घरच्या भागीदारास वाजवी किंमत देऊन तो हिस्सा परत घेतां येतो, अशी तरतूद १८९३ च्या वाटणी कायद्यांत आहे. तेव्हां राहत्या घराचा तुटक हिस्सा विकत घेणारा शहाणा गिऱ्हाईक क्वचितच भेटतो. विकावयाचें तर सर्वांनीं मिळून, अखंड.

दुसरा अडसर समुद्राचा. किनाऱ्याच्या संरक्षणाचा पहिला केंद्रीय नियम १९९१ च्या फेब्रुवारींत निघाला. पुढें २०११ व २०१९ सालीं तो नव्यानें लिहिला गेला. ग्रामीण किनाऱ्यावर उच्चतम भरतीरेषेपासून दोनशें मीटरांपर्यंत नवें बांधकाम करावयाचें नाहीं, हें त्याचें सामान्य सूत्र. २०१९ च्या नियमानें फार दाट वस्तीच्या गांवांपुरतें हें अंतर पन्नास मीटरांवर आणण्याची तरतूद केली. आमचें घर त्या दोनशें मीटरांच्या आंत येतें. अशा जागीं असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती करतां येते, पडलें तर तें त्याच जोत्यावर, त्याच क्षेत्रफळाचें पुन्हां उभारतांही येतें. पण वाढवितां येत नाहीं. म्हणजे चुलतभावाच्या चार खोल्या कागदावरच राहिल्या. एवढ्यावर भागलें असतें तर बरें होतें. पण मग त्यानेंच विचारलें, "मग आपली नवी खोली?" ती १९९६ ची, म्हणजे नियमानंतरची. तिच्या परवानगीचा कागद पेटींत, फडताळांत, पोथ्यांच्या रुमालांत, कोठेंच मिळाला नाहीं, मिळण्यासारखा नव्हताच. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर तिची घरपट्टी मात्र नियमानें भरलेली होती. घरपट्टीची पावती हा कर भरल्याचा पुरावा. बांधकामास परवानगी होती असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. काका इंग्रजी पांचवीपासून हिशेबांत कधीं न चुकलेले. ते त्या दिवशीं फार वेळ गप्प होते.

तिसरी गोष्ट बांधणीची. मुंबईच्या भावाचा मेहुणा स्थापत्य-अभियंता आहे; तो मुंजीस आला होता, त्याला एक दिवस ठेवून घेतलें. स्लॅबची कल्पना त्यानें हाणून पाडली. समुद्राच्या खाऱ्या हवेंतला क्षार काँक्रीटांत शिरून आंतल्या लोखंडी सळ्यांना गंज चढवितो. गंजलेली सळी फुगते आणि वरचें काँक्रीट फोडून बाहेर येते. खाडीची न धुतलेली रेती वापरली असेल तर क्षार बाहेरून येण्याचीही गरज नाहीं, आपणच तो आंत कालवलेला असतो. गांवांतल्या दोन घरांच्या सज्जांखालीं लोंबणाऱ्या तांबड्या सळ्या त्यानें आम्हांस नेऊन दाखविल्या. जांभा दगड खाणींत मऊ असतो व वाऱ्यावर टणक होतो, तो ओल पितो आणि सोडतो. त्याच्यावर चुन्याचा गिलावा चालतो, सिमेंटचा घातला तर ओल आंतच कोंडते. आमच्या माजघराच्या भिंतीवर दहा वर्षांपूर्वीं हौसेनें घातलेला सिमेंटचा गिलावा पोपडे होऊन कां पडतो, हें कोडें तेव्हां सुटलें. जुन्या भिंतीस नवी भिंत घट्ट जोडली तर दोहोंचा पाया निरनिराळा दबतो आणि सांध्यावर चीर पडते, हेंही त्यानेंच सांगितलें. त्याच्या म्हणण्यांतलें सार असें कीं, हें घर दुरुस्तीनें टिकणारें आहे, वाढीनें नव्हे. जपानांत इसे येथील शिंतो देवालय दर वीस वर्षांनीं शेजारच्याच जागेवर हुबेहूब नवें बांधतात. २०१३ सालीं तें बासष्टाव्यांदा बांधलें गेलें. तेथें घर जुनें म्हणजे लांकूड जुनें असा अर्थ नाहीं. आपल्याकडेही प्रतिवर्षीं आगोठीच्या आधीं कौलें परतणें, मोडका वासा बदलणें, लांकडास तेल देणें, वाळवी पाहणें, हेंच चालत आलेलें होतें. तें करणारीं माणसें गेलीं म्हणून घर जुनें दिसूं लागलें.

या साऱ्या चर्चेंत मूळ प्रश्न बाजूलाच राहिला होता. मागच्या श्रावणांत एका रात्रीं काकांच्या छातींत कळ आली. दिवे गेलेले, पाऊस कोसळत होता. शेजारच्या मुलानें गाडी काढून वीसएक किलोमीटर वळणावळणाच्या रस्त्यानें श्रीवर्धन गांठलें. दुखणें पित्ताचें निघालें. पण त्या रात्रीं काकू घरीं एकट्या होत्या आणि सकाळीं निरोप येईपर्यंत त्यांना कांहीं कळलें नव्हतें. पुण्याहून ताम्हिणी घाटानें यावयास आम्हांला पांच तास लागतात, तेही वाट चालू असेल तर. घर वाढविलें काय आणि दुरुस्त केलें काय, या अंतराला त्याचा उपाय नाहीं. आणि हें धाकटा भाऊ पुन्हापुन्हां सांगत होता, तें खोटें नव्हतें.

तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं आत्यानें अचानक विचारलें, "वहिनी, तुझं काय म्हणणं आहे?" काकू माजघराच्या दाराशीं उभ्या होत्या. आम्ही सर्वांनीं असें धरून चाललें होतें कीं, काकू हें घर सोडणार नाहींत. बायकांचा जीव चुलीपाशीं असतो वगैरे. काकू म्हणाल्या, "इतके दिवस कुणी विचारलं नाहीं म्हणून मी बोललें नाहीं. मला बावन्न वर्षं झालीं या घरांत येऊन. मला पुण्याला जायला आवडेल."

ओटीवर कोणी बोललें नाहीं. काकांनीं मान वर केली.

"कायमचं नव्हे," काकू म्हणाल्या. "आषाढ-श्रावण तिकडे. इथं त्या दोन महिन्यांत शेजारीं दिवा दिसत नाहीं; रात्रीं मागच्या दारीं जायचं तर कंदील आणि काठी घेऊन जावं लागतं, आणि माझा गुडघा मला पायरी उतरूं देत नाहीं. गणपतीला परत यायचं, आणि मग वैशाखापर्यंत इथं. तुमच्या चार खोल्या मला नकोत. त्या झाडायच्या कुणीं? पाहुण्यांची चादर मी या वयांत बदलणार नाहीं. मला मागच्या पडवींत, घराच्या आंत, न्हाणीघर आणि शौचकूप करून द्या, उंबरा नसलेलं. आणि चुलीपाशीं एक खिडकी."

"खिडकी?" काकांनीं विचारलें.

"अहो, तुम्हीच बंद केलीत ती. नवी खोली काढलीत तेव्हां."

खरेंच होतें. १९९६ पूर्वीं स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या भिंतींत खिडकी होती. नवी खोली त्या भिंतीस टेकवितांना ती चिऱ्यांनीं भरून काढली. काकांना तें आठवत नव्हतें. मला, तेव्हां अकरा वर्षांचा असूनही, आठवलें : त्या खिडकींतून आम्ही मुलें वाडींतून आलों कीं काकू हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवीत.

त्यानंतरचा निर्णय लवकर झाला. मतभेद उरले ते उरलेच. नवी खोली उतरवून टाकावयाची. तिचे शाबूत चिरे व लांकूड मूळ घराच्या दुरुस्तीस घ्यावयाचें. पुढची दुसरी पडवी काढून वळचण पूर्वींच्या उंचीवर न्यावयाची. मागची पडवी आहे त्याच जोत्यावर राखून तिच्यांत काका-काकूंची निजण्याची खोली व न्हाणीघर करावयाचें. शोषखड्डा विहिरीपासून पन्नास फुटांच्या बाहेर. दोन पावसाळी महिने दोघांनीं पुण्यास, आळीपाळीनें आम्हां दोन बिऱ्हाडांकडे. चुलतभावास उत्पन्नाची वाट बुजल्याचें वाईट वाटलें आणि तें त्यानें लपविलें नाहीं. खर्चाचे तीन भाग झाले. मुंबईच्या भावानें आपला दिला, पण 'हा पैसा पाण्यांत आहे' हें बजावूनच दिला. दहा वर्षांनीं तो खरा ठरणार नाहीं, असें मी छातीठोक सांगूं शकत नाहीं. किनाऱ्यावर वादळें पूर्वींपेक्षां वारंवार येत आहेत. निसर्गच्या पाठोपाठ पुढच्याच मे महिन्यांत 'तौक्ते' याच किनाऱ्यानें वर सरकलें.

आत्याच्या नांवाचा प्रश्न सर्वांत अवघड गेला. ती म्हणाली, "मला वांटा तोडून नको, पैसेही नकोत. पण उताऱ्यावर नांव लागलं पाहिजे." चुलतभावास हें रुचलें नाहीं, आज नांव, उद्यां तिच्या मुलांचा दावा, असें तो आडून बोलला. आत्यानें उत्तर दिलें नाहीं. उत्तर काकांनीं दिलें. ते उठले, देवघरांतून कागदांचा रुमाल घेऊन आले, आणि अर्जाचा मसुदा त्यांनीं स्वतःच्या अक्षरांत लिहिला : दोघा भावांच्या नांवांच्या मध्यें, वयाच्या क्रमानें, बहिणीचें. माझ्या वडिलांहून आत्या दोन वर्षांनीं मोठी, हें मला त्या दिवशीं कागदावर पाहून लक्षांत आलें.

दसऱ्यानंतर काम सुरू झालें. पत्रे आधींच गेले होते. भिंती चार दिवसांत उतरल्या. पांचव्या दिवशीं स्वयंपाकघराच्या भिंतींतले भरलेले चिरे काढतांना जुन्या चौकटीच्या खाचा जशाच्या तशा निघाल्या. गवंड्यानें विचारलें, खिडकी पूर्वींच्याच मापाची ठेवूं कां. काकूंनीं पाट मांडला, चुलीपाशीं जेथें त्या बसतात तेथें बसून पाहिलें, आणि खालचे दोन चिरे आणखी काढावयास सांगितले. तेथून विहीर दिसते, आणि विहिरीपलीकडे काकांनीं वादळाच्या सालीं लावलेल्या पोफळी.